समोरच्या खुर्चीचा नियम

१ सप्टेंबर

प्रिय भिंगरी,

तापाने तुझा डावा कान नेला, तेव्हापासून तुला फोन नकोसा झाला आणि माझ्या हातात पुन्हा पेन आलं. त्या तापाला शिव्या द्याव्यात की आभार मानावेत, कळत नाही. मावशीचा गुडघा कसा आहे? ती जिने चढते आणि वर तुलाच 'हळू चाल' म्हणते, हे मला इथूनही दिसतं.

आमच्या निवासात सध्या बावीस पुरुष आहेत आणि मागच्या इमारतीत नऊ बायका. पुरुष दारू किंवा गोळ्या सोडायला आलेले. बायका बहुतेक अशाच कुणाच्या तरी हातून सुटून आलेल्या. मधे भाजीचे वाफे आणि एक फाटक. सकाळी प्रार्थना, मग स्वयंपाकघर नाहीतर बाग, मग एकेकाने माझ्यासमोर बसायचं. सहाव्या आठवड्यात प्रत्येकाने यादी करायची, आपण कुणाकुणाला दुखवलं त्यांची. यादीतल्या प्रत्येकाला पत्र लिहायचं आणि ते माझ्यापुढे मोठ्याने वाचायचं. बाराव्या आठवड्याच्या रविवारी सगळ्या मंडळीपुढे उभं राहून साक्ष द्यायची की प्रभूने मला यातून बाहेर काढलं.

नावं सांगायची नाहीत हा नियम आहे, म्हणून नाव सांगत नाही. पण यंदा एक जण फार मनापासून करतोय. पन्नाशीचा, कुलपं दुरुस्त करणारा. सगळे त्याला 'कुलूपवाला'च म्हणतात. आल्यापासून निवासाची सगळी गंजलेली कुलपं त्याने चालती केली. किल्ली घासून झाली की ती ओठाला लावून बघतो, धार राहिली का ते. वर म्हणतो, "बोट फसतं ताई, ओठ फसत नाही." त्याची नऊ जणांची यादी झाली. बायको, दोन मुलं, म्हातारी आई, भाऊ... वाचताना ढसाढसा रडला. मीही रडले. अशा दिवशी वाटतं, आपण योग्य जागी आहोत.

तुझी,
ताई


६ सप्टेंबर

प्रिय ताई,

आईचा गुडघा बरा, तोंड त्याहून बरं. काल तिने डॉक्टरलाच सांगितलं की तुमचं वजन वाढलंय.

बाइंडिंगच्या कारखान्यात कामाचा डोंगर आहे. शाळेच्या वह्यांची मागणी आली की आम्ही शिवणाऱ्या बायका माणसं राहत नाही, मशिनीच होतो. मुकादम म्हणतो, "बोलू नका, टाके चुकतात." आम्ही म्हणतो, तू बोलू नकोस, मग चुकणार नाहीत.

तुझ्या कुलूपवाल्याचं वाचून मजा वाटली. नऊच माणसं? फार थोडी नाहीत? आमच्यातल्या एकीचा मामा त्याच धंद्यात आहे. ती सांगते, या लोकांची खरी पापं घरात नसतात, दुकानात असतात. गिऱ्हाईक एक किल्ली करायला देतं, हे दोन करतात. एक गिऱ्हाइकाला, एक खिळ्यावर. तू त्याला सहज विचारून बघ ना, कुणाची किल्ली दोनदा घासलीस म्हणून. नाहीतर नको विचारूस, मी आपलं लिहिलं. तुझं काम तुला माहीत.

त्याच्या उजव्या हाताचा अंगठा वाकडा आहे का? त्या मामाचा आहे म्हणे. घासायची कानस सतत धरून होतो.

तुझी,
भिंगरी


१६ सप्टेंबर

प्रिय भिंगरी,

अंगठा वाकडा आहे! तुझ्या मैत्रिणीच्या मामाला माझा नमस्कार सांग.

मी विचारलं. सरळ नाही. आधी प्रार्थना केली आणि डोळे उघडून म्हटलं, "कुणाची किल्ली दोनदा घासलीस?" त्याचा चेहरा असा पांढरा पडला की मी पाण्याचा पेला पुढे केला. पाणी पिऊन म्हणाला, "ताई, हे तुम्हाला कुणी सांगितलं?" मी म्हटलं, "तुला काय वाटतं?" त्याने वर छताकडे पाहिलं. मग सगळं सांगितलं. खिळ्यावरच्या किल्ल्या, त्यांनी उघडलेली दोन-तीन घरं, दारूसाठी उचललेल्या वस्तू. यादी नवावरून चौदावर गेली.

चर्चच्या पाळकसाहेबांना त्यानेच जाऊन सांगितलं की ताईंना न सांगता कळतं. पाळकसाहेब संध्याकाळच्या प्रार्थनेत सगळ्यांपुढे म्हणाले, "आपल्या ताईंना ओळखण्याचं दान मिळालंय." मी मान खाली घातली. खरं सांगू? आतून गुदगुल्या झाल्या. चोवीस वर्षं हे काम करतेय, असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. तो प्रश्न तुझा होता हे मी त्यांना सांगितलं नाही. तुझ्यातूनही तोच बोलला असेल, असं मनाला समजावलं.

आणि एक. एवढं कबूल केलं म्हणून पाळकसाहेब त्याच्यावर खूश आहेत. म्हणतात, ज्या हातांनी चोरून कुलपं उघडली, त्याच हातांवर विश्वास टाकायचा, यालाच बरं होणं म्हणतात. महिनाअखेरीपासून निवासाच्या सगळ्या किल्ल्या त्याच्याकडे राहतील. मागच्या इमारतीच्यासुद्धा. साक्ष १८ ऑक्टोबरला.

मामाला अजून काही माहीत असेल तर कळव हो. (हसू नकोस.)

तुझी,
ताई


२१ सप्टेंबर

प्रिय ताई,

हसले नाही. अभिमान वाटला तुझा.

अजून एक विचार. घाई करू नकोस. त्याला जरा सुखात येऊ दे. किल्ल्या मिळू देत, साक्ष लिहून होऊ दे, लोक पाठ थोपटू देत. आणि मग एखाद्या दिवशी तो अगदी निवांत बसला असेल, तेव्हा विचार: शनिवारी संध्याकाळी शटर ओढलंस, तेव्हा मागच्या खोलीत कोण होतं?

एवढंच. जास्त एक शब्द बोलू नकोस. उत्तर देईपर्यंत तू बोलायचं नाहीस आणि पाण्याचा पेलाही पुढे करायचा नाहीस.

तो काय म्हणतो ते मला जसंच्या तसं लिही. तुझ्या शब्दांत नको, त्याच्या शब्दांत.

आई बरी आहे.

भिंगरी


१ ऑक्टोबर

प्रिय भिंगरी,

काल विचारलं. तू म्हणालीस तसंच. पाणी दिलं नाही.

तो आधी हसला. म्हणाला, "कोण असणार? तिजोऱ्या." मी गप्प. मग उठून दारापर्यंत गेला, परत येऊन बसला. पुढचं त्याच्या शब्दांत लिहिते.

"काउंटरला एक पोरगी होती. एकोणीस-वीसची. खिळ्यावरच्या किल्ल्या तिने बघितल्या आणि एका गिऱ्हाइकाला सांगितलं. ती बाई दुकानात येऊन चार लोकांत माझ्यावर ओरडली. संध्याकाळी मी किल्ल्यांचा जुडगा पोरीच्या कानफटात हाणला. ती पडली. दुरुस्तीच्या तिजोऱ्या ठेवायची मागची खोली होती, लोखंडी दाराची. तिला आत ओढलं, कुलूप लावलं आणि शटर ओढून गेलो. सोमवारी सकाळी उघडलं."

मग त्याने आपण होऊन सांगितलं, "ताई, सगळ्यांना सांगतो तसं तुम्हालाही सांगणार होतो की मी प्यालेलो होतो, आठवत नाही. पण ते खोटं आहे. रविवारी दुपारी मी दुकानापाशी गेलो होतो. एक थेंब घेतला नव्हता. ती दार वाजवत होती, ते रस्त्यावर ऐकू येत होतं. मला भीती वाटली, सोडली तर पोलिसात जाईल. घरी गेलो. सोमवारी मुद्दाम दोन घोट घेतले, अंगावरही थोडी शिंपडली आणि दार उघडून म्हणालो, अरे, आज लवकर आलीस? तिला वाटलं, मी शुद्धीत नव्हतो. तिने परत तोंड उघडलं नाही."

कुठल्या कानावर मारलंस, असं मी विचारलं. का विचारलं माहीत नाही. तो म्हणाला, डाव्या.

इथवर लिहिलं आणि उठून गेले. तासाभराने परत बसलेय.

तू त्या वर्षी कुठल्याशा दुकानात काउंटरला होतीस. निवासाने मला तेव्हा समुपदेशनाच्या वरच्या शिक्षणाला बाहेर पाठवलं होतं. मावशीने लिहिलं होतं की तुला ताप आला, कानात पू झाला आणि तू नोकरी सोडलीस. तुझ्या कुणा मैत्रिणीला मामा नाही, हो ना?

भिंगरे, मी तुझ्यासाठी रडतेय आणि त्याच वेळी तुझ्यावर भयंकर चिडलेय. गेल्या गुरुवारपासून मागच्या इमारतीच्या किल्ल्या त्याच्या कमरेला आहेत. नऊ बायका तिथे झोपतात. मी ते तुला आधीच लिहिलं होतं. तू वाचलंस आणि मला प्रश्न पाठवलास! एक ओळ लिहिता आली नाही तुला?

ताई


५ ऑक्टोबर

ताई,

हो, वाचलं. दोनदा वाचलं. त्या नऊ जणींची मी माफी मागते. त्यांची, तुझीही. बाकी कुणाची, कशाची नाही.

तुझ्या पहिल्या पत्रात 'ओठ फसत नाही' हे वाचलं आणि हातातली सुई बोटात गेली. दिवसातून वीसदा ऐकलेलं वाक्य आहे ते. मग पुढे वाचलं, नऊ जणांची यादी, ढसाढसा रडला, तूही रडलीस. मी त्या नवांत नव्हते. एवढंच मला खुपलं म्हटलंस तरी चालेल. माझा कान घेऊन तो गेला आणि पश्चात्तापाच्या यादीतसुद्धा मला जागा नाही. आणि माझी बहीण त्याच्यासाठी डोळे पुसतेय.

तेव्हा ठरवलं की त्याला उंच चढू द्यायचं. आपल्याला क्षमा झाली असं त्याला पुरतं वाटू द्यायचं, आणि मग खालची शिडी काढायची. तो छताकडे बघत होता ना, कुणी सांगितलं म्हणून? मी सांगितलं. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत, वह्यांच्या गठ्ठ्यावर बसून. तुझं दान ते मीच. तुला लागेल, पण हे लिहिताना मला बरं वाटतंय.

आता तू कळवलंस त्याने काय झालं ते ऐक. अकरा वर्षं मी स्वतःला सांगत आले की तो शुद्धीत नव्हता. त्या खोलीत पाणी नव्हतं. एका तिजोरीच्या आत डोकं घालून मी ओरडायचे, आवाज घुमून बाहेर जाईल म्हणून. रविवारी कधीतरी बाहेर पावलं थांबली होती. मला वाटायचं, भास झाला. तहानेने होतात ना भास. आई तेव्हा गावाला गेली होती; ती आल्यावर तापाची गोष्ट मीच तिला सांगितली. दारूड्यावर काय रागवायचं, त्याला काय आठवतंय, असं म्हणत म्हणत मी तो राग कुठेतरी घडी करून ठेवला. आणि आता कळतं, ती पावलं त्याची होती. कोरडा ठणठणीत उभा होता. ऐकत होता.

तू मला बरं होण्याबद्दल काही लिहू नकोस. क्षमेचं तर नावच काढू नकोस. अठरा तारखेला तो उभा राहणार, लोक टाळ्या वाजवणार, कुणी त्याला मिठी मारणार. ते मला व्हायला नकोय. मला दुसरं काहीही नको, पैसा नको, पोलीसही नकोत आता. त्याने कोरं होऊन त्या दारातून बाहेर पडायचं नाही. तू हे थांबव. नाहीतर मी येईन आणि तुझ्या मंडळीपुढे माझ्या पद्धतीने थांबवीन.

भिंगरी


१० ऑक्टोबर

प्रिय भिंगरी,

तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी मी पाळकसाहेबांच्या खोलीत गेले. खरं तर तुला लिहिलं त्या गुरुवारीच गेले होते, पण तेव्हा तुझं नाव घेतलं नव्हतं. किल्ल्या त्याच दिवशी काढून घेतल्या होत्या. मागच्या इमारतीतल्या सगळ्या जणी ठीक आहेत, मी एकेकीला विचारलं. या वेळी प्रश्न कुठून आले तेही सांगितलं. दानाचं सगळ्यात शेवटी सांगितलं. पाळकसाहेब म्हणाले, "म्हणजे आपण सगळेच फसलो." त्याच्याशी बोलण्याचं काम माझ्याकडून काढलंय. योग्यच आहे. नावाशिवाय लिहिलं की गुपित मोडत नाही, असं मी मानत होते.

साक्ष मात्र ते थांबवत नाहीत. म्हणतात, त्याने विचारलेल्यापेक्षा जास्त कबूल केलं, असा माणूस दहा वर्षांत बघितला नाही. तुझा उल्लेख साक्षीत येणार नाही, 'तिच्या भल्यासाठी'. मी म्हटलं, तिचं भलं तिला विचारलंय का कुणी? त्यावर ते म्हणाले, "ताई, तुम्ही बहीण म्हणून बोलताय." हो. बहीण म्हणूनच बोलत होते.

क्षमेचं नाव काढत नाही. एक नियम तेवढा सांगते. निवास सुरू झाला तेव्हा तो मीच लिहिला होता. ज्याला दुखवलं त्याची इच्छा असेल, तर साक्षीच्या आधी त्याला समोरच्या खुर्चीत बसता येतं. दुखवणाऱ्याने समोर बसायचं. बोलायचं ते दुखावलेल्याने. दुसऱ्याने विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, आणि दुखावलेला माणूस उठेपर्यंत आपण उठायचं नाही. दार उघडं ठेवायचं, बाहेर आमच्यातलं कुणीतरी असतं. आजवर पाच-सहा जण बसलेत, कुणीही अर्ध्या तासापेक्षा जास्त नाही.

साक्ष दहा वाजता असते. खुर्चीत किती वेळ बसावं, हे नियमात लिहिलेलं नाही. दाराबाहेर मी असेन.

ताई


१३ ऑक्टोबर

ताई,

येते. आठ वाजता खुर्च्या मांडून ठेव.

भिं.


२० ऑक्टोबर

प्रिय भिंगरी,

तू न जेवता गेलीस. मी डबा घेऊन फाटकापर्यंत धावले, पण तुझी बस हलली होती.

बाहेर काय झालं ते तुला कळलं नसेल, म्हणून लिहिते. पावणेदहापर्यंत साठेक लोक जमले होते. त्याची मोठी मुलगीही आली होती. दहा वाजता पाळकसाहेब माझ्याकडे आले, "झालं का?" मी म्हटलं, "ती बसलीये." सव्वादहाला त्यांनी एक स्तोत्र वाढवलं. साडेदहाला अजून दोन. पेटीवाल्या आजीबाई म्हणाल्या, "आता मला येणारी संपली, पुन्हा पहिल्यापासून घेऊ का?" अकराला पाळकसाहेब दारापर्यंत आले. मी उठून मधे उभी राहिले. ते हळू आवाजात म्हणाले, "ताई, हा बदला आहे." मी म्हटलं, "असेल. नियमात बसतो." चोवीस वर्षांत मी त्यांना असं कधी बोलले नव्हते.

साडेअकराला लोक उठायला लागले. मुलीने दारातून आत बघितलं, तुला बघितलं आणि काही न विचारता निघून गेली. बारानंतर प्रार्थनेच्या खोलीत फक्त रिकामी बाकं होती.

आतून मला फक्त एकदाच आवाज आला, त्याचा. तू काय म्हणालीस ते ऐकू आलं नाही. तू एक वाजता बाहेर आलीस तेव्हा तुझा चेहरा बघून मला विचारवलं नाही. जाताना एवढंच म्हणालीस, "पुढच्या रविवारी आठला याला बसवून ठेवा." पाळकसाहेबांनी साक्ष बेमुदत पुढे ढकललीये. तो स्वतः म्हणतो, ती म्हणेल तितके रविवार बसेन. रात्री जेवला नाही. हे तुला सांगावं की नाही, कळत नव्हतं. तुला हवंच असेल, म्हणून सांगते.

तू खरंच येणार आहेस का, तेवढं कळव. खुर्चीची तयारी करायची तर मला सांगावं लागेल.

आणि तुझा हात मला एकदा धरायचाय. खुर्चीशिवाय. काहीही न बोलता.

तुझी,
ताई


२५ ऑक्टोबर, रविवार

प्रिय ताई,

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं.

आत काय झालं ते सांगते. काही झालं नाही. मी बसले आणि त्याच्याकडे बघितलं. बोलायचं बरंच घोकून आले होते, बसमध्ये ओठ हलत होते माझे, शेजारची बाई घाबरून उठून गेली. पण तो समोर आला आणि वाटलं, माझे शब्द याला का द्यायचे? ते ऐकून हा रडेल, आणि रडून हलका होईल. तेव्हा काहीच दिलं नाही. तुमची गाणी ऐकली, उजव्या कानाने. तो आधी जमिनीकडे बघत होता. मग दाराकडे. दहा वाजले तेव्हा त्याने घड्याळाकडे बघितलं आणि मी बघतेय हे बघून मान फिरवली. अकराच्या पुढे त्याला घाम फुटला. साडेअकराला मुलगी दारात आली, तेव्हा तो हातांत तोंड लपवून बसला. बारा वाजून गेल्यावर त्याने नियम मोडला. म्हणाला, "काहीतरी बोल. अजून किती वेळ?"

मी म्हटलं, "अजून रविवारच आहे."

बस, एवढंच बोलले. त्यानंतर आणखी तासभर बसले. मग मला भूक लागली, उठले. जिंकले वगैरे काही वाटलं नाही. पाय मात्र अवघडले होते आणि बसमध्ये मी खिडकीला टेकून गाढ झोपले, थेट डेपोत कंडक्टरने उठवलं.

तो जेवला नाही हे कळवलंस, बरं केलंस. हो, मला हवं होतं ते. मी चांगली बाई नाही, ताई. सध्या तरी नाही. तू माझा हात धरायला ये, पण इकडे ये. आईला मी परवा कानाचं खरं सांगितलं. ती दोन दिवस कुणाला टोमणा मारत नाहीये, मला भीती वाटते. तू आलीस तर सुरू करेल.

आत्ता सकाळचे साडेनऊ झालेत. मी घरीच आहे, केस धुतलेत, गच्चीत उन्हात बसून लिहितेय. आज यायचं नाही हे मी बसमधून उतरतानाच ठरवलं होतं. तुला मुद्दाम कळवलं नाही. तो आठपासून तिथे बसला असेल, समोर रिकामी खुर्ची. पावलं वाजली की मान वर करत असेल.

दुखावलेला माणूस आलाच नाही तर त्याने कधी उठायचं, हे तुझ्या नियमात नाही. मी वाचून घेतलाय.

तुझी,
भिंगरी